जपानच्या स्टेशनरी मेळ्यात जाताय? आपली देवनागरी बरोबर न्या

मी साताऱ्यात सुलेखनाचे वर्ग घेते. शाळकरी मुलं येतात, बँकेतून निवृत्त झालेले काका येतात, लग्नपत्रिकेची पाकिटं स्वतःच्या हाताने लिहायची हौस असलेल्या मुली येतात. भाचा टोकियोत नोकरीला असल्यामुळे माझं तिकडे जाणं-येणं असतं. हे कळल्यापासून जपानला निघालेला प्रत्येक ओळखीचा माणूस मला फोन करून विचारतो, "मॅडम, तिकडून पेन कुठलं आणू?"

ते मी साताऱ्यात बसून कसं सांगणार? पेन तुमच्या हाताने ठरवायचं असतं, आणि ते ठरवायला स्टेशनरीच्या मेळ्याइतकी सोयीची जागा जपानात दुसरी नाही. टेबलांमागून टेबलं, त्यांवर टोपण काढून ठेवलेली पेनं, उघड्या दौती, कोरे कागद आणि लिहून बघा म्हणणारी माणसं. तिथे जाऊन इंग्रजीत 'हॅलो' किंवा स्वतःची सही खरडून परत येऊ नका एवढंच माझं सांगणं. देवनागरी लिहून बघा. तिथल्या निबा, कागद आणि रेघा त्यांच्या अक्षरांच्या गरजेने घडल्या आहेत. त्यातलं आपल्या अक्षरांना काय मानवतं हे टेबलामागच्या माणसालाही ठाऊक नसतं.

कुठल्या मेळ्याला जायचं

नेटवर शोधायला गेलात की पहिलं नाव बहुधा 'आयसॉट'चं येईल. टोकियो बिग साइटमध्ये भरणारं हे प्रदर्शन व्यापाऱ्यांसाठी आहे. व्हिजिटिंग कार्ड देऊन आत जायचं, ऑर्डरी ठरवायच्या, नव्या मालावर नजर टाकायची. 'जपान स्टेशनरी अवॉर्ड' ही मानाची बक्षिसं याच प्रदर्शनाशी जोडलेली आहेत. एक वही विकत द्या म्हणालात तर मिळणार नाही. अप्पा बळवंत चौकात तुमचं दुकान असेल तर जरूर जा, नाहीतर सोडून द्या.

गर्दी, रंग, स्टिकर आणि रंगीत कागदी टेपा हव्या असतील तर 'बुंगु जोशी हाकु'. म्हणजे स्टेशनरीवेड्या मुलींचं प्रदर्शन. २०१७ च्या डिसेंबरात टोकियो र्युत्सु सेंटरला ते पहिल्यांदा भरलं. अलीकडे योकोहामाच्या पॅसिफिको हॉलमध्येही भरतं आणि वर्षभरात इतर शहरांमधूनही फिरतं. नाव वाचून माझा भाचा दारातच थांबायला निघाला होता, "मावशी, मी बाहेर कॉफी पितो, तू ये जाऊन." पण पुरुष खुशाल जातात. आत गेल्यावर तोच टेपांच्या टेबलावरून हलेना.

कागदवेड्यांनी 'कामिहाकु' बघावं. 'तेगामिशा' नावाची संस्था ते भरवते, आसाकुसाच्या सरकारी प्रदर्शन इमारतीत. त्या इमारतीला ताइतोकान म्हणतात. इथे मोठ्या कंपन्यांपेक्षा छोटे छापखाने, चित्रकार, पाकिटं करणारे आणि शिक्के कोरणारे जास्त. मला कोणी एकच मेळा निवड म्हटलं तर मी हा निवडेन. कारण सांगता येईल असं नाही, कागदाचा वास आवडतो म्हणा.

आणि शाईपेनासाठी 'टोकियो इंटरनॅशनल पेन शो'. २०१८ पासून शरद ऋतूत भरतो आणि तोही मी त्याच ताइतोकानमध्ये पाहिला. कोबेलाही पेन शो होतो. तुमचा प्रवास ओसाका-क्योतोकडचा असेल तर टोकियोचा हट्ट धरू नका, कोबे गाठा. तिथल्या नागासावा या जुन्या दुकानाने २००७ पासून कोबेतल्या जागांच्या नावाने शाया काढल्या आहेत. डोंगराचा हिरवा, बंदराचा निळा, असे साठाच्या वर रंग आहेत आणि शाई बनवून देते सेलर कंपनी. साताऱ्याच्या नावाने कोणी अजिंक्यताऱ्याचा काळा आणि कासच्या पठाराचा जांभळा काढला तर मी पहिली दौत घेईन.

तारखा आणि जागा दर वर्षी बदलतात. विमानाचं तिकीट काढायच्या आधी मेळ्याच्या स्वतःच्या पानावर बघा, कोणाच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नका.

पोहोचायचं कसं ते थोडक्यात. टोकियोतली बरीच मराठी मंडळी निशी-कासाईत राहतात. तिथून तोझाई लाइनने निहोनबाशी, तिथे गिन्झा लाइन पकडून आसाकुसा. र्युत्सु सेंटरला हामामात्सुचोहून मोनोरेल, पण प्रत्येक स्टेशनवर थांबणारी गाडी घ्या, कारण एक्स्प्रेस मोनोरेल तुम्हाला थेट हानेडा विमानतळावर नेऊन सोडेल. पॅसिफिकोला मिनातोमिराई स्टेशन.

तिकीट

मोठ्या मेळ्यांना तिकीट आधी काढावं लागतं आणि त्यावर आत सोडण्याची वेळ छापलेली असते. तिकिटं विकणाऱ्या काही साइट जपानी मोबाइल नंबर मागतात, काही ठिकाणी पैसे भरून तिकीट हातात घ्यायचं ते कॉन्बिनीतल्या, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातल्या यंत्रावर. तिकडे कोणी नातेवाईक असेल तर हे काम त्यांच्या गळ्यात घाला. नसेल तर हॉटेलच्या काउंटरवर नम्रपणे विचारा, मदत करतात.

वेळ निवडताना आपल्याला काय हवंय ते बघा. फक्त त्या मेळ्यासाठी काढलेल्या वस्तू हव्या असतील तर पहिल्या दिवसाची पहिली वेळ, आणि तरीही रांग. बोलायचं, लिहून बघायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी दुपार उलटल्यावर जा. टेबलामागची माणसं तेव्हा खुर्चीवर टेकलेली असतात आणि अनोळखी लिपी लिहिणारं गिऱ्हाईक आलं की त्यांचीही करमणूक होते.

पिशवीत काय असावं

आपलं रोजचं शाईपेन, रोजची शाई भरून. हे सगळ्यांत महत्त्वाचं. शेजारी ओळखीचं पेन असल्याशिवाय नव्या पेनाबद्दल काही कळत नाही. आपल्या रोजच्या वहीतले चार-पाच कागद, कारण तिथे चाचणीला ठेवलेला कागद उत्तमच असणार आणि त्यावर कुठलंही पेन गुळगुळीत चालणार. घरी तुम्ही लिहिणार आहात ते आपल्या वहीवर.

कागद चुरगळू नये म्हणून प्लॅस्टिकची सपाट फाइल आणि मोठ्या कागदांसाठी पुठ्ठ्याची नळी. हातरुमाल, कारण तिथल्या स्वच्छतागृहांत हात पुसायला बहुधा काही नसतं आणि ओल्या हाताने कागदाला हात लावणं म्हणजे गुन्हा. हजार येनच्या नोटा आणि सुटी नाणी. मोठ्या स्टॉलवर कार्ड चालतं, पण स्वतः काढलेली पोस्टकार्डं विकणारी मुलगी बऱ्याचदा रोखच घेते. पैसे हातात द्यायचे नाहीत, समोरच्या छोट्या ताटलीत ठेवायचे.

सुटकेस घेऊन आत जाऊ नका. स्टेशनवरचे लॉकर मेळ्याच्या दिवशी सकाळीच भरतात, म्हणून सामान हॉटेलवर ठेवूनच निघा. शाकाहारी असाल तर डबा घ्या. मी कॉन्बिनीतली उमेबोशीची ओनिगिरी, म्हणजे आंबट-खारट फळ घातलेला भाताचा गोळा घेते. भाचेसून सकाळी थालीपीठ बांधून देते, "मावशी, कागद बघताना तुम्हाला भुकेचं भान राहत नाही." कचरा टाकायला डबे शोधत बसू नका, नसतात. रिकामी पाकिटं घरी न्यायची.

आत गेल्यावर

आधी काही न घेता एक फेरी मारा. हातातला नकाशा जपानीतच असतो, पण स्टॉलचे आकडे सगळ्यांना वाचता येतात. आवडलेल्या स्टॉलच्या आकड्याभोवती गोल करत चला.

लोकप्रिय स्टॉलला रांग असते आणि रांगेचं शेपूट कुठे आहे हे दाखवणारी एक पाटी असते, काठीला लावलेली. कधी ती आयोजकांचा माणूस धरतो, कधी रांगेतला शेवटचा माणूसच. तुम्ही मागे जाऊन उभे राहिलात की तो हसून ती पाटी तुमच्या हातात देतो. घाबरू नका. धरून उभं राहायचं आणि पुढचा माणूस आला की त्याला द्यायची. आपल्याकडे रेशनच्या रांगेत अशी पाटी असती तर निम्मी भांडणं वाचली असती. फारच गर्दी असेल तर आकडा छापलेल्या चिठ्ठ्या वाटतात, त्यांना सेइरिकेन म्हणतात. चिठ्ठी घेऊन बाकीचं बघत फिरायचं, वेळ झाली की परत यायचं.

'काइजो गेन्तेई' असं कोणी म्हणालं तर ती वस्तू फक्त याच मेळ्यात मिळणार आहे. 'ओहितोरीसामा इत्तेन' म्हणजे माणशी एकच. इथे घासाघीस चालत नाही आणि "दोन घेतो, काही कमी करा" हे वाक्य विमानात बसतानाच विसरा.

फोटो काढण्याआधी विचारायचं, "शाशिन ओ तोत्तेमो ई देस का?" चित्रकारांच्या टेबलावर हे अगदी न चुकता, कारण त्यांची चित्रं हाच त्यांचा माल. लिहून बघायचं असेल तर "तामेशिगाकी शितेमो ई देस का?" उच्चार चुकला तरी चालतो, हाताने लिहिल्यासारखं करा, समजतं.

पेन लिहून बघताना

परवानगी मिळाली की पेन दोन्ही हातांनी घ्या. टोपण पेनाच्या मागे खोचू नका, लाखेचं किंवा जुनं पेन असेल तर त्यावर ओरखडा उठतो. पेन उघडून आतली नळी बघू नका. निबवर जोर नको. बॉलपेनने दहा वर्षं लिहिलेला हात नकळत दाबतो, म्हणून आधी स्वतःच्या पेनाने दोन ओळी लिहून हात सैल करून घ्या.

जपानी माणूस पेन बघताना बहुधा 'एइ' हे अक्षर लिहितो, चिरंतन या अर्थाचं. त्यात त्यांच्या लेखनातले आठही मूळ फटकारे येतात. आपला हात कागदावर पडला की आधी 'श्री' येतो, तो येऊ द्या. पण तेवढ्यावर थांबू नका. मी एक वाक्य ठरवून ठेवलंय: कृष्णाकाठचे बाबूराव विठ्ठलापुढे पुष्कळ श्लोक म्हणतात. अर्थाकडे बघू नका, अक्षरांकडे बघा. 'ब' आणि 'ष' यांच्या पोटातली तिरकी रेघ मोकळी दिसते का? 'ठ्ठ'मधली दोन वर्तुळं बुजतात का? 'कृ'ची खालची गाठ सुटी राहते का? 'श्लो'च्या वरची मात्रा कान्याला चिकटून गोळा होतो का? हे चार प्रश्न सुटले की पेन तुमचं.

निबेची जाडी अक्षरांनी सांगतात: ईएफ बारीक, एफ त्याहून जाड, एम आणखी जाड. जपानी एफ ही निब युरोपातल्या एफपेक्षा बारीक असते. एकेका कांजीत, म्हणजे त्यांच्या चिनी वळणाच्या चित्राक्षरात, वीस-वीस रेघा बसवायच्या म्हणून ती तशी घडली. तुमचं जर्मन पेन एफ असेल तर तिथे एम मागा. आपल्या अक्षराची गरज दोन्हीच्या मधली आहे. ईएफने 'ब'चं पोट छान मोकळं राहतं, पण शिरोरेषा केसासारखी येते आणि अक्षरं तारेवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात. साधारण आठ मिलिमीटरच्या ओळीत लिहिणाऱ्याला जपानी एम बरी. डायरीत बारीक लिहिणाऱ्याने एफ घ्यावी.

सेलरची नागिनाता तोगी नावाची प्रसिद्ध निब आहे, नागाहारा नोबुयोशी या कारागिराने घडवलेली. पेन उभं धरलं की तिची रेघ बारीक येते, आडवं धरलं की जाड. कांजीत ती सुंदरच दिसते. देवनागरीत काना आणि शिरोरेषा यांचं अंग सारखं राहत नाही आणि अक्षर परकं वाटतं. बोरूने लिहिताना दोन्ही रेघांना अंग असतं. किंमत मोठी आहे, तेव्हा लोकांनी कौतुक केलं म्हणून घेऊ नका, लिहून बघा. त्यापेक्षा प्लॅटिनमची म्युझिक निब मला जवळची वाटली. तिला तीन पाती आणि दोन फटी असतात, शाई सढळ हाताने सोडते. पेन हातात थोडं फिरवून धरलं की बोरूच्या जवळ जाणारी अक्षरं निघतात. शीर्षकं लिहायला उत्तम, रोजच्या लिखाणाला जाड.

पेन शोमध्ये निबा दुरुस्त करून देणारे बसलेले असतात. नाव नोंदवून वेळ घ्यावी लागते आणि ते मोबदला घेतात. मी ज्यांच्यासमोर बसले ते वयस्क गृहस्थ आधी पेनाकडे बघेचनात. कागद पुढे सरकवला आणि लिहा अशी खूण केली. मी बाबूरावांचं वाक्य लिहिलं. ते माझ्या मनगटाकडे बघत होते. शब्द संपवून मी मागे गेले आणि शिरोरेषा ओढली तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं, पुन्हा तेवढंच करून दाखवा म्हणाले. डावीकडून उजवीकडे लांब आडवी रेघ, आणि ती ओढताना माझं पेन बोटांत किंचित उजवीकडे कलतं, हे मला आजवर माहीत नव्हतं. मग भिंगातून निब बघितली, बारीक घासपट्टीवर आठच्या आकड्यात काही वेळा फिरवली, शाईत बुडवून स्वतः दोन रेघा ओढल्या, पुन्हा मला दिली. लिहा. पुन्हा घेतली. रेघेच्या शेवटी निब कागदाला धरत होती ते जाईपर्यंत हे चाललं. तुम्ही बसलात तर तुमचं नेहमीचं वाक्य नेहमीच्या वेगाने लिहा. नीटनेटकं अक्षर काढून दाखवू नका, नाहीतर निब त्या खोट्या हातासाठी घासली जाईल.

शाई

शायांच्या टेबलावर काचेचं पेन ठेवलेलं असतं. हे पेनही जपानचंच, १९०२ साली टोकियोतल्या काचेच्या किणकिण्या बनवणाऱ्या कारागिराने काढलं. ते दौतीत बुडवायचं, लिहायचं, शेजारच्या पाण्यात धुवायचं आणि पुसून ठेवायचं. न धुता दुसऱ्या दौतीत बुडवणं हे तिथलं सगळ्यांत मोठं पाप. आपलं पेनही कोणाच्या दौतीत घालू नका.

काचेच्या पेनाने शाई दाट उतरते, निबेतून तोच रंग फिका येतो. म्हणून रंग ओला असताना ठरवू नका. कागद फाइलमध्ये घाला, दोन स्टॉल फिरून या, मग दारापाशी उजेडात बघा. प्रत्येक फटकाऱ्याखाली शाईचं नाव देवनागरीत लिहून ठेवा, नंतर सगळे निळे सारखेच दिसतात.

आणि एक विचारायचं: शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक रंगकणांची आहे का? सेलरची किवागुरो, प्लॅटिनमची कार्बन या पिगमेंटच्या शाया. त्या वाळल्या की पाण्याने जात नाहीत. पावसाळ्यात पोस्टाने जाणाऱ्या पाकिटावर पत्ता लिहायला हीच शाई हवी, साध्या शाईचा पत्ता कऱ्हाडला पोहोचेपर्यंत ढग होतो. पण या शाया पेनात वाळू द्यायच्या नाहीत. रोज लिहीत असाल तरच भरा, आणि मधून मधून पेन धुवा.

कागद आणि वह्या

इथे माझा सगळ्यांत जास्त वेळ जातो. तोमोए रिव्हर नावाचा कागद सगळ्यांच्या तोंडी असतो. ५२ ग्रॅमचा, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, तरी शाई मागे उतरत नाही आणि रंगावर दुसऱ्याच रंगाची झळाळी येते. दिसतो देखणा. पण शाई त्यावर सावकाश वाळते, आणि आपण शब्द लिहून झाल्यावर मागे जाऊन शिरोरेषा देतो. निब त्या ओल्या डोक्यांमधून जाते, प्रत्येक काना जिथे रेघेला भेटतो तिथली शाई ओढत नेते आणि तिथे बारीक ठिपका बसतो. रोमन लिहिणाऱ्याला हा त्रास कधी कळणारच नाही. शिरोरेषा अक्षरागणिक देण्याची सवय असेल तर घ्या, शब्दागणिक देत असाल तर मिदोरीचा एमडी कागद बघा. तो शाई लवकर धरतो आणि निबेला किंचित अडवतो, तेवढा अडथळा अक्षराला बरा.

वहीची ओळ मोजून घ्या. कोकुयोच्या कॅम्पस वहीवर ए असेल तर ओळ ७ मिलिमीटरची, बी असेल तर ६ ची. तिथली मुलं बी सर्रास वापरतात. त्यांच्या अक्षरांना वर वेलांटी नाही, खाली उकार नाही. त्या ६ च्या ओळीत आपल्या वरच्या 'कू'चा उकार खालच्या 'की'च्या वेलांटीवर जाऊन बसतो. ए घ्या, आणि ८ मिलिमीटरची यू दिसली तर तीच.

कोकुयोचं नाव निघालंच आहे तर सांगते. १९०५ साली हिशेबाच्या वह्यांचे पुठ्ठे करण्यापासून सुरू झालेली ही ओसाकाची कंपनी. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेली आपली कॅम्लिन २०११ मध्ये तिच्याकडे गेली. आपण शाळेत उंटछाप शाईने बोटं निळी केली, तो उंट आता यांच्या तबेल्यात आहे. म्हणून कोकुयोच्या साध्या वस्तू तिकडून ओझं करून आणण्यात फारसा अर्थ नाही, आधी इथे काय मिळतं ते बघून जा.

मुलांना शिकवणाऱ्यांनी मात्र जपानी पहिली-दुसरीच्या सरावाच्या वह्या जरूर आणाव्यात. मोठे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात तुटक रेघांचं अधिकचं चिन्ह. ते कांजी मधोमध बसवायला असतं. मी त्यात मुलांना 'क' काढायला लावते: उभी तुटक रेघ म्हणजे दांडा, आडवी रेघ जिथे छेदते तिथे गाठ. ज्यांचा 'क' कायम उजवीकडे लवंडायचा त्यांचा उभा राहिला. वही हलकी, किंमत किरकोळ, आणि मेळ्यात नाही मिळाली तर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात.

काय घेऊ नये

२६ भोकांचे सुटे कागद. कागद अप्रतिम असतो, पण त्यांची फाइल आपल्याकडे सहज मिळत नाही. घ्यायचं तर फाइलसकट घ्या. जपानी बी५ आणि आपल्याकडे चालणारा बी५ यांत काही मिलिमीटरचा फरक आहे, तेव्हा कव्हर इथे घेऊ म्हणून ठेवू नका.

पायलट, सेलर, प्लॅटिनम यांच्या शाईच्या काडतुसांची तोंडं वेगवेगळी. एकाचं दुसऱ्याला बसत नाही. पेन घेतलंत तर त्याच टेबलावर त्याचा कन्व्हर्टरही मागा, म्हणजे इथे दौतीतून शाई भरता येईल.

टेपा मोजक्याच. मला त्यांचं वावडं नाही. ओकायामातल्या कुराशिकीची कामोई ही कंपनी १९२३ पासून माश्या पकडायचे चिकट कागद करायची, नंतर रंगकामाच्या टेपा करू लागली, आणि २००८ साली त्याच कागदी टेपेला रंग चढवून 'एमटी' नावाने बाजारात आली. रंगकामाची टेप असल्यामुळे ती कागद न फाडता निघते. वर्गात फळीवर कागद डकवायला मी तीच वापरते. पण जपानी छापाच्या वीस टेपा घेतलेल्यांच्या कपाटात एकोणीस तशाच असतात.

दुकानात रोज मिळणारी कुठलीही गोष्ट मेळ्यात घेऊ नका. गिन्झाला १९०४ पासूनचं इतोया आहे, शिंजुकूला सेकाइदो आहे. अशा मोठ्या दुकानांत पासपोर्ट दाखवून ५,००० येनवरच्या खरेदीला १० टक्के कर वाचतो, मेळ्यातल्या छोट्या टेबलांवर ती सोय नसते. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते आहे: आधी करासकट पैसे भरायचे आणि देश सोडताना परत मिळवायचे, म्हणून वस्तू हाताशी ठेवा. आसाकुसाला गेलाच आहात तर एका स्टेशनावर कुरामाए आहे, तिथलं काकिमोरी हे दुकान तुम्ही निवडलेल्या कागदांची आणि पुठ्ठ्यांची वही तुमच्यासमोर बांधून देतं.

परत आणताना

शाईची दौत सहसा ५० मिलिलिटरची, म्हणजे हातातल्या सामानातही चालेल, पण मी चेक-इनमध्येच टाकते. झाकणाभोवती चिकटपट्टी, मग झिपची पिशवी, मग मोज्यात. शाईपेन हातातल्या बॅगेत, एकतर पूर्ण भरून नाहीतर पूर्ण रिकामं, आणि निब वर. अर्धवट भरलेल्या पेनातली हवा वर गेल्यावर फुगते आणि शाई टोपणात उतरते. कात्री आणि कटर चेक-इनमध्ये. वह्या बॅगेच्या तळाशी सपाट ठेवा आणि वजन करा, कागद दिसतो त्यापेक्षा खूप जड असतो.

फ्रिक्सनची, म्हणजे लिहिलेलं पुसता येणारी पेनं बहुतेक जण भेट द्यायला आणतात. त्यांची शाई घासल्यावर जाते ती खोडली जाते म्हणून नव्हे, घासण्याच्या उष्णतेने. साठ अंशांना ती अदृश्य होते. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्या शाईने लिहिलेली वही राहिली तर पानं कोरी होतील. तसं झालं तर वही पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, अक्षरं बरीचशी परत येतात. चेक आणि सरकारी अर्ज मात्र त्या पेनाने लिहू नका, आणि ज्यांना भेट द्याल त्यांनाही हे सांगून द्या.